बुजत गेलेली हाडं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आले एकदाची सोलापूरला. यशपालनं मित्राची जीप आणली होती. गादी, पुस्तकांची खोकी, आईनं बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ, सगळं त्यानं एकट्यानं वरच्या मजल्यावर चढवलं. माझा हा धाकटा भाऊ सांगोल्याला वीज मंडळात लाइनमन आहे. खांबावर चढताना कधी घाबरत नाही, पण मला सोडून निघताना त्याचे डोळे भरून आले. मी हसले त्याला. म्हटलं, अरे, सांगोला काय परदेशात आहे?

खोली जुळे सोलापुरात आहे. घरमालकीण नागव्वा खाली एकट्याच राहतात. एकाच वाक्यात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. आल्या आल्या त्यांनी ‘ऊट आयता?’ म्हणून विचारलं आणि जेवले की नाही ते सांगायच्या आत कडक भाकरी, शेंगाची चटणी अन् दही पुढ्यात ठेवलं. चटणी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना फार आनंद झाला.

उद्यापासून नोकरी. दंतवैद्यकाची पदवी झाल्यावर मी फक्त जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या हाडांची चित्रं वाचायला शिकले. आता तेच करायचे पैसे मिळणार. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तू दात काढणार नाहीस, नुसती बघणार? हो आई, नुसती बघणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जागा आवडली. होटगी रस्त्याला एका इमारतीत तळमजल्यावर. बाहेर बाकडी, आत मशीनची खोली, मध्ये शिशाची काच, आणि काचेअलीकडे माझं टेबल.

मशीन नवंच आहे. पेशंटनं उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, प्लास्टिकची पट्टी दातांत धरायची. मग मशीनचा हात डोक्याभोवती सावकाश फिरतो. मिनिटभराच्या आत सगळा जबडा पडद्यावर. हवं तर कवटी थ्रीडीमध्ये फिरवून कुठूनही बघता येते.

केंद्राचे मालक गुरुलिंग सर. साठीच्या आसपासचे, कपाळाला विभूती, आवाज कधी चढत नाही. मशीन चालवणारा सोमेश बडबड्या आहे, त्याचं नुकतंच लग्न झालंय. माझ्याआधी इथं डॉ. सिद्धेश्वरी म्हणून होत्या, त्या दुधनीला माहेरी परत गेल्या असं तो म्हणाला. का, ते त्याला माहीत नव्हतं.

मला हाडांतली छिद्रं आवडतात. लोकांना वाटतं हाड म्हणजे दगड. पण खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना आतून एक बारीक नळी जाते, त्यातून नस येते आणि हनुवटीपाशी एका छिद्रातून बाहेर पडते. त्या नसेमुळं आपल्याला ओठ कळतो. चहा गरम लागतो, कुणी गालगुच्चा घेतलेला कळतो. डोळ्यांखालीही अशी छिद्रं असतात. मला ती नेहमी घराच्या खिडक्यांसारखी वाटत आली आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक चमत्कारिक चित्र. बजाबाई नावाच्या विडी कामगार बाई. दाढ काढायची म्हणून डॉक्टरांनी महिन्यापूर्वी इथूनच एक्स-रे काढून घेतला होता, मग दाढ राहून गेली, आता पुन्हा पाठवलं. जुन्या चित्रात दोन्ही नळ्या स्वच्छ दिसतात. आजच्या चित्रात उजवी नळी नाही.

अंधूक आहे असं नव्हे. नाहीच. तिथं सलग पांढरं हाड. हनुवटीचं छिद्रही बुजलेलं.

सोमेशला म्हटलं, पेशंट हलली असेल. पुन्हा काढलं. तेच आलं.

बजाबाईंना विचारलं, ओठाला मुंग्या येतात का, बधीर वाटतं का? त्या म्हणाल्या, “न्हाय बाई. दाढ ठणकायची ती बी ऱ्हायली. लई बरं वाटतंय.”

२ डिसेंबर, मंगळवार

सरांनी बजाबाईंची चित्रं पाहिली आणि मशीनचा दोष असेल म्हणाले. पुण्याहून इंजिनिअर आला. दिवसभर तपासलं, चाचणीची प्लास्टिकची कवटी ठेवून चित्रं काढली. सगळं जिथल्या तिथं. मशीन उत्तम आहे असं सांगून तो गेला.

मी बजाबाईंना बोलावून घेतलं. हनुवटीला बोथट सुई लावून बघायची पद्धत असते, कळतं का ते. उजवीकडे कळलं नाही. डावीकडेही नाही. चुकून सुई जरा जास्त टोचली, रक्ताचा थेंब आला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तळहात पुढं करून दाखवला. तवा उचलताना भाजला होता, कातडी सोलून निघाली होती. शेजारणीला करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, म्हणाल्या.

जबड्याच्या नसेचा आणि तळहाताचा काही संबंध नाही. कुठल्याही पुस्तकात नाही.

मोठ्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी दिली. हनुवटी बधीर होणं कधी कधी वाईट आजाराची खूण असते. त्यांची मुलगी सोबत होती. बाहेर जाताना ती माझ्याशी हळू आवाजात बोलली. गेल्या आठवड्यात मामा वारले, आईचा सख्खा भाऊ. आई मयताला गेली आणि नुसती बसून राहिली. लोक रडत होते तर ती विचारत होती, जेवायला किती वाजता बसायचं.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. सकाळी चौकात मेणबत्ती लावायला गेले. लहानपणापासून या दिवशी वंदना सुरू झाली की मला रडू येतं. आजही आलं. शेजारी एक म्हातारी उभी होती, तिनं माझा हात धरला. दोघी ओळख ना पाळख, हात धरून रडलो. आईला फोन केला, तीही रडत होती. बरं वाटलं.

९ डिसेंबर, मंगळवार

दुसरा पेशंट. चन्नप्पा, चाटी गल्लीतले कापडाचे व्यापारी. पहिल्यांदा आले तेव्हा सगळ्या केंद्राला पेढे वाटले होते, नातू झाला म्हणून. आज दात बसवल्यानंतरचं चित्र काढायला आले आणि बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या डॉक्टरांचा आधीच फोन आला होता, हसत सांगत होते, की या गृहस्थांनी बधीर करायचं इंजेक्शन नको म्हणून सांगितलं आणि हाडात स्क्रू फिरवताना पापणी हलवली नाही.

दोन्ही नळ्या गेलेल्या. डोळ्यांखालची छिद्रंही.

नातू कसा आहे विचारलं. “आहे,” म्हणाले.

हे लोक आधीच आजारी असतात की इथं येऊन होतात? सगळे गेल्यावर मी शिशाचा एप्रन बांधून स्वतःच मशीनमध्ये उभी राहिले. सोमेशला बटण दाबायला सांगितलं. तो नको म्हणत होता. मी ओरडले त्याच्यावर.

माझं चित्र सुंदर आलं. दोन्ही नळ्या, दोन्ही छिद्रं, जशी असायला हवीत तशी. स्वतःच्याच जबड्याकडे बघून एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

१४ डिसेंबर, रविवार

दुधनीला जाऊन आले. डॉ. सिद्धेश्वरीचं घर शोधायला वेळ लागला नाही. बाजारपेठेत विचारलं तर एकानं ‘ती न बोलणारी डॉक्टरीण व्हय?’ म्हणून थेट दारात नेऊन सोडलं.

माझ्याच वयाची आहे. अंगणात खुर्चीवर बसली होती. तिच्या आईनं, गिरिजाबाईंनी, चहा दिला आणि माझ्यासमोरच पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, भरवलं तर खाते, झोप म्हटलं की झोपते. वडील गेले तेव्हा ताटावरून उठलीसुद्धा नाही. बेंगळूरला दाखवलं, मेंदू चांगला आहे म्हणतात.

मी तिच्याजवळ बसले आणि माझं नाव, काम सांगितलं. मशीनविषयी विचारलं. ती अगदी सरळ, डॉक्टर डॉक्टरशी बोलते तशी बोलली. तिनं किती जणांचे अहवाल लिहिले, त्यांत काय दिसलं, स्वतःचं चित्र केव्हा काढलं, सगळं तिला आठवत होतं. हाडं बुजत जातात म्हणाली. खालचा जबडा आधी, मग वर. मी विचारलं, मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?

ती म्हणाली, “सांगणार होते. आधी भीती जाते ना.”

मग तिनं हात पुढं केला आणि नखानं माझ्या हनुवटीवर दाबलं.

“लागलं?”

मी तिचं बोट बघत होते. नख कातडीत रुतलेलं दिसत होतं.

नाही लागलं.

१५ डिसेंबर, सोमवार

शहरातल्या दुसऱ्या केंद्रात जाऊन चित्र काढून घेतलं. तिथल्या डॉक्टरांना फक्त ओठ बधीर आहे एवढंच सांगितलं. उजवी नळी नाही. म्हणजे मशीनच्या चित्रात दोष नाही, दोष माझ्या हाडात आहे. आणि गेल्या मंगळवारपर्यंत नव्हता.

ते डॉक्टर खूश झाले. असं जन्मजात क्वचितच दिसतं, लेख लिहू म्हणाले. जन्मजात नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

नागव्वांनी आज मुद्दाम ताजी चटणी केली होती. अर्ध्या तोंडाला कळली, अर्ध्या तोंडाला भुसा. खोलीत येऊन दार लावलं आणि पोटभर रडले. रडायला येतंय हे बघून थोडा धीर आला.

१८ डिसेंबर, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं. बजाबाई, चन्नप्पा, सिद्धेश्वरी, मी. मशीन आजच्या आज बंद करा म्हटलं. सोमेश दारात उभा होता.

सरांनी नीट ऐकून घेतलं. चिडले नाहीत. म्हणाले, मॅडम, मी उभा राहतो, म्हणजे तुमचं समाधान होईल. चष्मा काढला, गळ्यातलं इष्टलिंग सोडून ओंजळीत धरलं आणि मशीनमध्ये जाऊन हनुवटी टेकवली.

सोमेशनं बटण दाबलं. मी थ्रीडी चित्र उघडलं.

खालचा जबडा सलग. गाल सलग. नाकाची जागा बुजलेली. आणि डोळ्यांच्या खाचा — डोळ्यांच्या खाचा नव्हत्या. कपाळापासून गालापर्यंत नुसतं गुळगुळीत हाड. मी कवटी फिरवली. मागून, खालून. पाठीचा कणा जिथून आत शिरतो ते मोठं भोकही नाही. कुठंच काही नाही. नदीतल्या गोट्यासारखं डोकं.

काचेपलीकडून सर माझ्याकडे बघत होते. डोळे उघडे होते. पापण्या हलत होत्या.

मशीन बसवलं तेव्हा पहिलं चित्र त्यांचंच काढलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. शुभ काम मालकापासून सुरू करावं म्हणून. तेव्हापासून त्यांची कंबर दुखायची थांबली.

सोमेश बाहेर जाऊन ओकला.

२० डिसेंबर, शनिवार

सोमेश येत नाही. फोनवर रडत होता. दिवाळीत त्यानं बायकोचं चित्र काढलं होतं, हौस म्हणून. ती आता त्याच्याशी भांडत नाही. म्हणाला, “मॅडम, तुमी तरी निघा तितनं. हात जोडतो की.”

निघते म्हटलं. राजीनामा लिहिला. डाव्या बाजूलाही आता कळत नाही.

मशीन कोण चालवणार म्हणून सरांनी विचारलं. नवा माणूस मिळेपर्यंत मी चालवते म्हटलं. हे मी का म्हटलं ते समजत नाही. त्यांना अडचण होती, एवढंच.

२६ डिसेंबर, शुक्रवार

राजीनामा पाठवायचा राहिला. सोमवारी पाठवीन.

चहानं जीभ भाजली. आरशात बघितली तेव्हा फोड दिसले.

आज बरेच पेशंट. एक नवरी मुलगी होती, दात सरळ करायचेत. मशीनला भीत होती. मी तिला सांगायचं ठरवलं होतं, पळ इथून. तोंड उघडलं आणि म्हटलं, पट्टी दातांत धर, हलू नकोस.

रात्री याचं काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहिली.

३० डिसेंबर, मंगळवार

बजाबाई मोठ्या दवाखान्यातून आल्या. तिथं काही सापडलं नाही. दोघी बाकड्यावर बसलो. चांगलं वाटलं — चांगलं हा शब्द बरोबर नाही. काहीच वाटलं नाही, आणि दोघींनाही वाटलं नाही.

त्यांची मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं आईचा हात ओढला आणि बाहेर नेलं. जवळजवळ पळतच.

५ जानेवारी, सोमवार

आई गेली. पहाटे, झोपेत. हृदय बंद पडलं.

सांगोल्याला जाऊन आले. घर भरलं होतं. यशपाल तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. मला बघून त्यानं मिठी मारली. त्याचं सगळं अंग हलत होतं, त्यामुळं माझंही हलत होतं.

रडेना, रडवा तिला, असं बायका म्हणत होत्या. आत्यानं थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मग ती स्वतःच घाबरली आणि मागं सरकली.

आईचा चेहरा बघितला. खालचा जबडा रुंद, दात झिजलेले. साधारण.

९ जानेवारी, शुक्रवार

लिहून ठेवते, म्हणजे माहीत राहील. हे मशीन माणसांना बुजवतं. ते बंद करायला हवं. पोलिसांना, सरकारी दवाखान्याला सांगायला हवं. मला हे सगळं कळतं. बुद्धीला काही झालेलं नाही.

फक्त घाई वाटत नाही.

नागव्वा वर आल्या होत्या. बराच वेळ माझ्यासमोर बसल्या, मग माझ्या गालांवरून हात फिरवला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. रडत खाली गेल्या. आता जेवणाचं ताट पायरीवर ठेवतात.

१२ जानेवारी, सोमवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. रस्ते बंद. पेशंट कमी.

अंगठा ड्रॉवरमध्ये चेंगरला. नख काळं. केव्हा ते —

आईचा नंबर लावला. उचलला नाही. मग आठवलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

यशपाल आलाय.

अक्कलदाढ सुजली आहे. गाल एवढा. सांगोल्याच्या डॉक्टरांनी आधी चित्र काढून आण म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “ताई, तू असताना मी दुसऱ्या कुणाकडं जाऊ?”

आईविषयी बोलला. तिची साडी त्यानं उशाखाली ठेवली आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही. डोळे सुजलेले. बोलता बोलता रडला. दाढेमुळं रडतानाही दुखत होतं, म्हणून गाल धरून रडत होता. माझा हात धरून विचारलं, ताई, तुला काही होत नाही का गं?

सांगायचं होतं, निघ इथून —

दार दाखवायचं होतं. दुसऱ्या केंद्राचा पत्ता माहीत होता. पत्ता जिभेवर होता.

पण त्याला दुखत होतं. एवढं दुखतं माणसाला, मी विसरले होते.

एप्रन मीच बांधला. हनुवटी मीच टेकवली. डोळे मिट म्हटलं. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मिटायचा तसे मिटले. मशीनचा हात फिरला. बटणावर बोट माझंच होतं. काही वाटेल म्हणून शेवटपर्यंत —

तो काचेपलीकडे स्टुलावर बसलाय. चित्र पडद्यावर आलंय. दोन्ही नळ्या आहेत. छिद्रं आहेत, गोल, उघडी. आईसारखा रुंद जबडा. इतकं सुंदर हाड मी इथं आल्यापासून पाहिलं नाही.

वेळ आहे अजून. उठायचं. त्याला बाहेर न्यायचं, सगळं सांगायचं. पुन्हा इकडं येऊ नकोस, मला घेऊन जा म्हणायचं.

उठायचं.

तो काचेवर टकटक करतोय. गालावरचा हात काढलाय. हसतोय जरासा. म्हणतोय, ताई, ठणका थांबला गं, आणि आत्ता आईचं मनात आलं तर काहीच —